रोबोट मागे धावणार नाहीत, ते बर्फापाशी बसून राहतील

प्रश्न कॉलेजच्या पोरांचा आहे, पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला एकांकिका करताहेत. गोष्ट थोडक्यात अशी, माणसांनीच बनवलेल्या रोबोट्सनी माणसांच्या सगळ्या वस्त्या संपवल्या, ४०,००० माणसं ३० जहाजांत बसून कशीबशी निसटली, आता ती अवकाशातून नवं घर शोधत पळताहेत आणि रोबोट मागावर आहेत. पोरांनी विचारलंय की असा ताफा खरंच किती दिवस पळू शकेल, सगळ्यात आधी काय संपेल, आणि रंगमंचावर नेमकं काय दाखवलं तर ते खरं वाटेल.

मी २६ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, सगळी इंजिनरूममध्ये, शेवटची नऊ चीफ इंजिनियर म्हणून, आणि आता सहकारनगरला घरी असतो. रॉकेटवर काम केलेलं नाही. पण चारी बाजूंनी लोखंड, बाहेर पडायला जागा नाही, आत बावीस माणसं आणि त्यांची हवा, पाणी, वीज, संडास सगळं तुमच्या हातात, हे मी रोज केलंय, त्यामुळे त्या बाजूने उत्तर देतो. अवकाशाचं वाचन गेली पंधरा-वीस वर्षं चालू आहे, आकडे त्यातले.

तुमच्या संहितेत पहिल्या पानापासून रोबोट गोळ्या झाडताहेत. ते कमी करा. माझ्या मते तुमचा ताफा गोळ्यांनी मरणारच नाही, तो उष्णतेने पकडला जाईल आणि पाण्यापाशी मारला जाईल. कसं ते सांगतो, जरा लांबेल.

आधी हवा, कारण सगळ्यांना वाटतं आधी हवा संपणार. एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे ४०,००० माणसांना रोज साडेतेहतीस टन. आकडा मोठा वाटतो पण वीज आणि पाणी असेल तर पाणी फोडून ऑक्सिजन काढता येतो, स्पेस स्टेशनवर तेच करतात. खरी अडचण बाहेर सोडलेल्या हवेची आहे, माणूस दिवसाला जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि तो काढला नाही तर ऑक्सिजन भरपूर असूनही माणूस जातो. १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो १३ वर हेच झालं, मुख्य यानातले हवा शुद्ध करायचे डबे चौकोनी आणि ज्या छोट्या यानात तिघं जण आसऱ्याला गेले तिथली जागा गोल, मग प्लॅस्टिकची पिशवी, पुठ्ठा, सूटचा पाइप आणि चिकटपट्टी लावून ते बसवलं. तुमच्या ३० जहाजांची ३० वेगवेगळी मेक आहेत असं तुम्हीच लिहिलंय, तर हा चौकोनी-गोल प्रकार तुमच्याकडे दररोज होणार. एका जहाजाचा फिल्टर दुसऱ्याला बसणार नाही. एक अख्खा प्रसंग त्यावर होतो, लिहा.

आता पाणी. इथे मी थोडा थांबणार आहे कारण हे मी भोगलंय.

एका बल्क कॅरियरवर होतो, हिंदी महासागरात, पुढचं बंदर ११ दिवस लांब. जहाजावर पिण्याचं पाणी समुद्राच्या पाण्यापासूनच बनवतात, मेन इंजिन थंड करून जे गरम पाणी येतं त्या उष्णतेवर, हवेचा दाब कमी करून पन्नास-साठ डिग्रीलाच समुद्राचं पाणी उकळवायचं आणि वाफ थंड करायची, त्याला आम्ही फ्रेशवॉटर जनरेटर म्हणतो. त्याचा इजेक्टर पंप गेला. स्पेअर इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं चाक, होता, पॅकेट फोडलं तर ऑफिसने एक साइज लहान पाठवलेला. त्याच आठवड्यात दोनपैकी एका टाकीत समुद्राचं पाणी शिरलं, मॅनहोलचं गॅस्केट गेलेलं. उरलं ४० टन. आमचा रोजचा खप होता ५ टन, त्यात बॉयलरही आला, आणि ११ दिवस म्हणजे ५५. गणित सरळ होतं, पुरणार नाही.

पाणी सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास सुरू ठेवलं. पहिले दोन दिवस सगळे समजूतदार. चौथ्या दिवशी मेसमध्ये दोन चांगली माणसं, वर्षभर एका ताटात जेवलेली, एका बादलीवरून अंगावर गेली. मरायची भीती कोणालाच नव्हती, पिण्यापुरतं होतंच की, भांडण झालं ते कोणी जास्त भरून ठेवलं या संशयावरून. मी रोज सकाळी सहाला साउंडिंग घ्यायचो, म्हणजे टाकीच्या पाइपातून खाली वजन लावलेली पट्टी सोडायची, ओली कुठपर्यंत झाली ते बघायचं आणि आकडा लॉगबुकात टाकायचा. पाचव्या दिवशी कॅप्टनने तो आकडा मेसच्या दारावर लावायला सांगितला, मी विरोध केला होता, मला वाटलं लोक घाबरतील. उलट भांडणं थांबली. लोक येता-जाता आकडा बघायचे आणि आपापसात हिशोब करायचे, कुक स्वतःहून म्हणाला भांडी समुद्राच्या पाण्याने घासतो. बंदराला लागलो तेव्हा साडेसहा टन शिल्लक होतं.

हा आकडा लावायचा की लपवायचा, हाच तुमच्या एकांकिकेचा गाभा होऊ शकतो असं मला मनापासून वाटतं. तुमची कमांडर बाई संहितेत सगळ्यांपासून सगळं लपवते आणि तुम्ही ते धीरोदात्त म्हणून दाखवलंय. एकदा तिच्यासमोर कोणीतरी चीफ इंजिनियर उभा करा, आकडा हातात घेऊन.

तर तुमच्या ताफ्याचं पाणी. अगदी काटकसरीने माणशी १० लिटर धरू, पिणं, स्वयंपाक, अंग पुसणं, सगळं त्यात, पुण्यात आपण एका फ्लशला जवळपास तेवढं घालवतो. ४०,००० माणसांचे रोज ४०० टन. स्पेस स्टेशनवर घाम, श्वासातली वाफ, लघवी सगळं गोळा करून परत पाणी करतात, पूर्वी ९३-९४ टक्के परत मिळायचं, २०२३ मध्ये ९८ टक्क्यांपर्यंत पोचले. हा फरक ऐकायला किरकोळ आहे पण बघा, ९८ टक्के मिळत असेल तर तुमचं रोज ८ टन पाणी जातं, वर्षाला सुमारे २,९०० टन. तेच यंत्र जुनं होऊन ९३ वर आलं की रोज २८ टन, वर्षाला दहा हजारच्या वर. आणि यंत्र जुनं होतंच, मेम्ब्रेन चोंदतात, सील जातात, तुम्ही पळताय म्हणजे नवं कुठून आणणार. समुद्रावर निदान बाहेर पाणी असतं. तुमच्याकडे बाहेर काही नाही.

म्हणजे वर्षा-दोन वर्षांतून एकदा ताफ्याला कुठेतरी बर्फ घ्यायला थांबावंच लागणार, धूमकेतू असेल, एखाद्या मोठ्या ग्रहाचा बर्फाळ चंद्र असेल. हे रोबोटला माहीत आहे, तुम्हीच बनवलाय तो, तुमची तहान त्याला पाठ आहे. मग तो मागे कशाला धावेल? जुन्नर भागात जे राहतात त्यांना विचारा, उन्हाळ्यात बिबट्याला भक्ष्य शोधत फिरावं लागत नाही, पाणवठ्याजवळ उसात बसलं की पुरतं. रोबोटला श्वास नाही, भूक नाही, कंटाळा नाही, तो स्वतःला जवळजवळ बंद करून बर्फाशेजारी वीस वर्षं पडून राहू शकतो. नाटकाच्या दृष्टीने सतत पाठलाग करणाऱ्या शत्रूपेक्षा हा शत्रू मला कितीतरी जास्त भीतिदायक वाटतो, कारण दर वेळी बर्फ दिसला की आनंद व्हायच्या ऐवजी पोटात गोळा येईल.

यावर तुमच्यातला कोणीतरी म्हणेल की काका, लपून जाऊ की, अंधार करून, इंजिन बंद करून. इथे उष्णता येते. ही गोष्ट बहुतेक लेखक सोडून देतात.

सगळ्यांना वाटतं अवकाश थंड आहे म्हणजे जहाज गारठणार. प्रत्यक्षात निर्वात पोकळी म्हणजे थर्मास आहे, आतली उष्णता बाहेर जायला ना हवा ना पाणी. माझ्या जहाजावर सगळी नको असलेली उष्णता समुद्राच्या पाण्याला देऊन टाकायचो, पंप सुरू आहे तोवर चिंता नाही, आणि एकदा ब्लॅकआउटमध्ये पंप बंद पडले तर थोड्याच वेळात कंट्रोल रूममध्ये काचेला हात लावता येईना. अवकाशात उष्णता फक्त किरणांनी जाते, मोठमोठे पंखे पसरून, म्हणजे फिरणारे पंखे नव्हेत, सपाट पत्रे, रेडिएटर. स्पेस स्टेशनला सौर पॅनेलसोबत जे पांढरे पत्रे दिसतात ते हेच, आतून अमोनिया फिरवतात.

आता हिशोब करू. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो, एक जुना बल्ब. ४०,००० माणसं म्हणजे ४ मेगावॅट, हे काहीच नाही. पण ती जेवणार काय? साठवलेलं अन्न काही महिने, मग शेती. कृत्रिम दिव्याखाली एका माणसाचं पूर्ण अन्न पिकवायला ढोबळ मानाने ४०-५० चौरस मीटर धरतात. मी चौरस मीटरला ३०० वॅट धरले आणि ५० चौरस मीटर, तर माणशी १५ किलोवॅट, आणि सगळ्यांचे मिळून ६०० मेगावॅट. कोयनेच्या पहिल्या दोन टप्प्यांची मिळून क्षमता ६०० मेगावॅट आहे, म्हणजे तेवढी वीज फक्त पालक, गहू, सोयाबीनच्या दिव्यांना. आणि दिव्यात गेलेली वीज शेवटी उष्णताच होते. ती फेकायला खोलीच्या तापमानाचा पत्रा एका बाजूने चौरस मीटरला साधारण ४६० वॅट टाकतो, दोन्ही बाजूंनी ९२०, म्हणजे तुम्हाला सुमारे ६५ हेक्टर पत्रा लागणार, १६० एकर. पुणे विद्यापीठाचा कॅम्पस ४११ एकर आहे, त्याचा जवळजवळ चाळीस टक्के भाग, तीस जहाजांवर पसरलेला.

आणि हे १६० एकर उघड्यावर, २७ डिग्रीला, आणि मागचं आकाश शून्याखाली २७० डिग्री. इन्फ्रारेड डोळा असलेल्या कुठल्याही यंत्राला तुमचा ताफा म्हणजे अमावस्येच्या रात्री पर्वतीवर पेटवलेली होळी. रेडिओ बंद ठेवलात तरी. रेडिओचं तर विचारूच नका, आपल्या इथे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटरच्या ३० डिश, ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं स्कियापारेल्ली यान मंगळावर उतरत होतं तेव्हा त्याचा अगदी क्षीण सिग्नल थेट खोडदला ऐकू आला होता, आणि तो मधेच तुटला तेही इथेच कळलं. पुणे जिल्ह्यातल्या शेतांमधून मंगळावरची कुजबुज ऐकू येते, मग तुमच्या एका पोराने हट्टाने आईला पाठवलेला मेसेज रोबोटला ऐकू येणार नाही असं समजू नका.

मग लपायचं कसं? एक मार्ग आहे आणि तो स्टेजवर फार छान होईल. रेडिएटर मिटायचे, शेतीचे दिवे बंद, आणि निघणारी उष्णता आतच साठवायची, बर्फात. एक किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. माणसं आणि अत्यावश्यक यंत्रं मिळून १० मेगावॅट धरले तर लपण्याच्या एका दिवसाला सुमारे २,६०० टन बर्फ वितळेल. पाणी वाया जात नाही, टाकीतच राहतं, पण लपण्याची ताकद संपते, आणि परत गोठवायचं तर रेडिएटर उघडावे लागतात, म्हणजे परत दिसायचं. तर तुमच्या ताफ्याकडे दहा हजार टन बर्फ असेल तर चार दिवसही नाही होत. आणि जो बर्फ लपायला हवा तो आणायलाच त्या पाणवठ्यावर जायचं, जिथे बिबट्या आहे. हे चक्र एकदा नीट बसवलंत तर तुम्हाला खलनायकाचा एकही संवाद लिहायला लागणार नाही. अंधार, उकाडा, घामाने चिंब माणसं, पिकं पिवळी पडताहेत, आणि एक माणूस दर तासाला टॉर्च घेऊन बर्फ किती उरला ते सांगतोय. थंडीने कुडकुडणारी माणसं दाखवू नका, ते चूक आहे, उकाडा दाखवा.

रोबोटलाही कमजोरी द्या पण खरी द्या. कॉम्प्युटरला व्हायरस, पासवर्ड सापडला, हे नको. अवकाशातले कण चिपमधून जातात तेव्हा मेमरीतले आकडे उलटेपालटे होतात, चिप हळूहळू बिघडते, आणि नवी चिप बनवायला जो कारखाना लागतो तो जहाजात घेऊन फिरता येत नाही. म्हणजे त्यांनाही स्पेअर लागतात. माझा इम्पेलर आठवा. राजाराम महाराज १६८९ मध्ये रायगडावरून निसटून जिंजीला गेले, झुल्फिकारखानाला ती जिंजी घ्यायला १६९८ उजाडलं, आणि त्याचं एक मोठं कारण हे की संताजी-धनाजी मागे मोगलांच्या रसदेवर तुटून पडत होते. पळणारे एकीकडे आणि रसद तोडणारे दुसरीकडे. तुमच्या ३० पैकी तीन जहाजं अशी मागे ठेवा. ती परत येतील की नाही हे नका सांगू.

उडी मारणारं इंजिन तुम्ही घेतलंय, एका ताऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत. ते राहू द्या, ते नसेल तर गोष्टच नाही. व्हॉयेजर १ हे १९७७ ला निघालंय, सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने चाललंय, सगळ्यात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षं, त्या वेगाने पोचायला ७५,००० वर्षं. फक्त त्या इंजिनाला एक कडक नियम द्या, उडीनंतर इतके दिवस थंड व्हावं लागतं वगैरे, आणि तो शेवटपर्यंत मोडू नका.

आता घर. संहितेत शेवटी एक हिरवा ग्रह येतो, सगळे उतरतात, श्वास घेतात, पडदा. मला ते पटलं नाही आणि का ते सांगतो. सूर्याबाहेरच्या ताऱ्यांभोवती सापडलेल्या ग्रहांची संख्या २०२५ मध्ये ६,००० च्या वर गेली, एका ट्रॅपिस्ट-१ भोवतीच सात आहेत. ग्रह भरपूर आहेत. पण आपलीच पृथ्वी घ्या, साडेचार अब्ज वर्षांची, हवेत ऑक्सिजन नाव घेण्याइतका साठायला लागला सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी, माणसाला दम न लागता जगता येईल इतका तर त्याच्याही खूप नंतर. म्हणजे तुमचा ताफा पृथ्वीच्या आयुष्यातल्या कुठल्याही एका दिवशी इथे उतरला असता तर जास्त शक्यता ही की दार उघडल्यावर गुदमरून गेला असता. घरच्या अंगणात.

आणि आपणच नवं छोटं जग बनवू म्हणाल तर तेही सोपं नाही. अमेरिकेत अॅरिझोनात १९९१ ते १९९३ आठ जण काचेच्या बंद इमारतीत राहिले, बायोस्फिअर २, आत शेती, जंगल, छोटा समुद्र. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून चौदाच्या आसपास आला, माणसांना जिना चढवेना, शेवटी बाहेरून ऑक्सिजन भरावा लागला. कारण शोधलं तर मातीतले जंतू ऑक्सिजन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते आणि तो इमारतीचं नवं काँक्रीट शोषून घेत होतं, त्यामुळे झाडांनाही परत मिळेना. भिंतीने हवा खाल्ली, आणि ते शोधून काढेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुमच्या लोकांचंही पहिल्या वर्षी असंच काहीतरी होईल जे कोणाच्याच डोक्यात नसेल.

माझं ऐकाल तर त्यांना ग्रहावर उतरवूच नका. एखादा कोणाच्या नजरेत न येणारा बर्फाचा मोठा गोळा, ताऱ्यापासून चांगलाच लांब, त्याच्या आत बोगदे खणून. बर्फ पाणी देतो, हवा देतो, लपवतो, आणि एवढा मोठा असेल तर ६०० मेगावॅट पोटात घेऊनही बराच काळ बाहेरून गार दिसतो. दिसायला काही सुंदर नाही ते. पण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा माझी आई नदीकाठच्या वाड्यात होती, तिची गोष्ट ऐकून मी मोठा झालो. वाडा गेला, मग शाळेच्या वर्गात, मग पूरग्रस्तांच्या तात्पुरत्या खोलीत. ती म्हणायची की त्या खोलीला कोणी घर म्हणतच नव्हतं, बायका सामान बांधूनच ठेवायच्या, आज-उद्या जायचंय म्हणून. मग एका शेजारणीने दारात डालडाच्या डब्यात तुळस लावली. आई तिच्यावर चिडली होती म्हणे, इथेच राहायचंय का आपल्याला. आणि पुढच्या महिन्यात तिनेही लावली.

तुमच्या चाळीस हजारांमधली निम्मी माणसं सामान बांधून बसलेली असतील, तो बर्फाचा गोळा सापडल्यावरसुद्धा. त्यांच्यातलं भांडण लिहा. एक बाजू म्हणेल हिरवा ग्रह सापडेपर्यंत चालत राहू, दुसरी म्हणेल पट्टी बघा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा आकडा कालच्यापेक्षा वर आहे. दोन्ही बाजूंना चांगले संवाद द्या, कमांडर बाईला घाईने एका बाजूला उभं करू नका.

साउंडिंगची पितळी वजनवाली पट्टी माझ्याकडे अजून आहे, शेवटच्या जहाजावरची. तालमीला हवी असेल तर संध्याकाळी सहानंतर कधीही घरी या, ती पाइपात कशी सोडायची, ओली खूण दिसायला तिला पेस्ट कशी लावतात, आकडा मोठ्याने कसा म्हणतात हे दाखवतो, कारण ज्याने एकदाही घेतली नाही तो ती स्टेजवर दोरीसारखी धरेल आणि लगेच कळेल.